तलाव गळतोय? आधी ठरवा, टाकी गळते की पाइप

महापालिकेचे जुने तरण तलाव पाडून नवे बांधायचे की आहेत तेच दुरुस्त करायचे, हा विषय नाशकात निघाला की चहाच्या टपरीवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, किती वेळा ठिगळं लावणार, पाडा एकदाचा. दुसरा म्हणतो, टाइल्स आणि फिल्टर बदला, नव्यासारखा होईल. आकडे दोघांच्याही तोंडपाठ. पण तलावाचं नेमकं काय म्हातारं झालंय, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. ते ऐकून ऐकून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

दुरुस्ती आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. फुटक्या टाइल्स, निळा रंग, शॉवरचे नवे नळ, चेंजिंग रूमची दारं आणि शेवटी उद्घाटनाचा फोटो. पुनर्बांधणीत जुनी टाकी फोडून नवी ओतायची असते. त्याला आराखडा, तांत्रिक मान्यता, टेंडर हे सगळं आलं आणि तोवर तलावाला कुलूप. पैशांचा फरक उघड आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, गटारं, दिवाबत्ती ही कलम 63 खालची बंधनकारक कामं आहेत. तरण तलाव येतो कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत. एकदा पाडलेला तलाव पुन्हा बांधायला कायदा कुणाला भाग पाडत नाही. त्यात 2027 च्या सिंहस्थाची कामं समोर असताना 'आधी पाडू, मग बघू' म्हणणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

आता मुख्य घोटाळा. तलाव ही एक वस्तू नाही, दोन आहेत. एक काँक्रीटची टाकी. दुसरी यंत्रणा: पंप, वाळूचे फिल्टर, व्हॉल्व्ह आणि जमिनीखालून फिरणारी पाइपलाइन. नीट बांधलेली टाकी पन्नास वर्षं सहज काढते. पंप आणि पाइप त्याच्या निम्म्या काळातच थकतात, फिल्टरमधली वाळू तर दर काही वर्षांनी बदलावीच लागते. यंत्रणा संपली असेल तर टाकी फोडणं हा शुद्ध अपव्यय. टाकी संपली असेल तर नवे फिल्टर बसवणं हाही अपव्ययच, फक्त तो दोन वर्षांनी कळतो.

आणि दोन्ही बाबतींत वरून दिसणारं लक्षण एकच, पाणी कमी होतं. इथेच सगळे फसतात.

पाणी कमी होणं म्हणजे गळती, असंही नाही. 50 मीटर लांब आणि 21 मीटर रुंद तलावात पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेदहा हजार लिटर गेले, म्हणजे एक मोठा टँकर. नाशकातल्या कडक उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर तर ऊनच पितं. जुन्या तलावांत कडेच्या गटारात सांडलेलं पाणी परत न येता थेट ड्रेनेजला जातं. सकाळच्या बॅचला शंभर पोरांनी उड्या मारल्या की तेही हिशेबात धरावं लागतं. फिल्टरच्या बॅकवॉशचं, म्हणजे उलट्या प्रवाहानं वाळू धुताना वाया जाणारं पाणी वेगळं. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं, ती गळती. ही वजाबाकी न करता 'तलाव रोज तीन टँकर पितो' असं छापणाऱ्यांना काय म्हणावं!

वजाबाकीला यंत्र लागत नाही, बादली लागते. तलावाचंच पाणी बादलीत भरा, ती पहिल्या पायरीवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी सारखी येईल, दोन्हीकडे खूण करा. पाणी भरायचा व्हॉल्व्ह बंद. (हा बंद करायचं विसरतात आणि मग 'गळती नाही' असा अहवाल देतात.) त्या दोन दिवसांत पोहणं बंद, बॅकवॉश बंद. चोवीस तास पंप बंद ठेवून मोजा, पुढचे चोवीस तास पंप चालू ठेवून मोजा. बादलीतलं पाणी जितकं उतरलं तितकं बाष्पीभवन. तलावात त्याहून जास्त उतरलं असेल, तर तेवढी गळती.

पंप चालू असताना गळती वाढली तर गाळलेलं पाणी दाबाखाली तलावात परत आणणारी लाइन फुटली आहे. पंप बंद असताना जास्त आणि चालू असताना कमी, शिवाय परतीच्या तोंडातून बुडबुडे येत असतील, तर सक्शन लाइनवर, म्हणजे तलावातून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपवर संशय घ्या. दोन्ही दिवशी सारखीच असेल तर टाकीकडे बघा, आणि मग पंप बंद ठेवून पातळी कुठवर उतरून थांबते तेही बघा. पाण्याखालच्या दिव्यापाशी थांबली तर दिव्याची खोबण दोषी. थांबतच नसेल तर तळ किंवा मेन ड्रेन, म्हणजे तळातलं पाणी काढायचं तोंड.

पाइप दोषी निघाला तर तो तुकड्यातुकड्यानं दाब देऊन तपासता येतो आणि जुना जमिनीतच सोडून कडेच्या चरातून नवा टाकता येतो. अशा वेळी टाकीला हात लावायचं कारणच नाही.

टाकी दोषी निघाली तरी लगेच जेसीबी बोलावू नका. सांध्यातून किंवा एखाद्या भेगेतून गळत असेल तर ग्राउटिंग (भेगेत दाबानं सिमेंट किंवा रसायन भरणं) आणि नव्या वॉटरप्रूफिंगनं ती बरीच वर्षं चालते. प्रश्न आतल्या सळईचा आहे. वर्षानुवर्षं घातलेल्या क्लोरीनमुळे पाण्यात क्लोराइड साठत जातं, ते काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, फुगते आणि वरचा काँक्रीटचा थर उडवते. मग वरून कितीही प्लास्टर मारा, गंज आत चालूच. यासाठी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना काढून ताकद बघतात, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन मारतात (गुलाबी झालं तर काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत, रंगच आला नाही तर गेला) आणि काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत देऊन क्लोराइड मोजतात. हे अहवाल सळईपाशी वाईट आले, आणि तेही एका कोपऱ्यात नाही तर जागोजागी, तर पाडा. तेव्हा मीही पाडाच म्हणेन.

'स्ट्रक्चरल ऑडिट झालंय' हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. कसलं ऑडिट? त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ प्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते. त्यात चेंजिंग रूमचे कॉलम आणि प्रेक्षक गॅलरीचा स्लॅब बघून कागद तयार होऊ शकतो. टाकीचा एकही नमुना न घेता दिलेला असा कागद टाकीबद्दल काहीच सांगत नाही, मग तो 'सुरक्षित' म्हणो की 'धोकादायक'. अहवाल मागवा आणि त्यात कोअर कुठून काढले ते बघा.

टाकी धडधाकट असूनही पुनर्बांधणी पटेल असं एकच कारण मला दिसतं, ते म्हणजे खोली. जुन्या पद्धतीच्या तलावांत एका टोकाला उंच फळीवरून उड्या मारण्यासाठी चार-पाच मीटर खोल खड्डा असे. सरासरी खोली अडीच मीटर धरली तर वरच्या मापाच्या तलावात 26 लाख लिटर पाणी बसतं. दीड मीटर धरली तर 16 लाखांच्या आत. शर्यतीच्या उडीसाठी आंतरराष्ट्रीय नियमाला स्टार्टिंग ब्लॉकसमोर 1.35 मीटर पुरतात. पाणीकपातीत ज्या शहरात सगळ्यांची पहिली नजर तलावावर जाते, तिथे शिकाऊ मुलांसाठी एवढं पाणी रोज गाळत आणि क्लोरीन घालत बसणं मला पटत नाही. तळ भरून घेऊन खोली कमी करता येते हे खरं, पण मग मेन ड्रेन, परतीची तोंडं, उतार सगळंच नव्यानं करावं लागतं. तेव्हा दोन्हींची इस्टिमेटं शेजारी ठेवूनच ठरवावं. 'ऑलिंपिक साइझ' हा शब्द मात्र पत्रकांतून काढून टाका. त्याला 50 बाय 25 मीटर माप आणि याहून बरीच जास्त खोली लागते, आणि प्रभागातल्या पोरांना त्याची गरज नाही.

दुरुस्ती ठरली तर ती कधी काढायची यातही गोंधळ आहे. पावसाळ्यात पोहणारे कमी, म्हणून जुलैत तलाव रिकामा करतात. जमिनीतलं पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून एक मीटर वर चढलं तर ते दर चौरस मीटरला एक टन जोरानं तळ उचलतं. 20 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन अर्धा टन. टाकी भरलेली असते तोवर आतलं पाणी तिला दाबून धरतं. रिकामी केली की तळ फुगून तडकू शकतो, आणि मग जी टाकी शाबूत होती तिच्याच पुनर्बांधणीचा प्रस्ताव येतो. शेजारी विहीर किंवा बोअर असेल तर त्यातली पातळी आधी मोजा, आणि काम दिवाळीनंतर काढा. हिवाळ्यात थंडीनं पोहणारे तसेही कमी असतात, ठेकेदाराला मार्चपर्यंत वेळ मिळतो, आणि उन्हाळी सुट्टीच्या बॅचेस बुडत नाहीत.