गडचिरोली जिल्ह्याची नैसर्गिक साधनसंपत्ती

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा, छत्तीसगड व तेलंगणाला लागून असलेला जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी, लोकसंख्या १०,७२,९४२ (२०११), म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसे. दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. सरकारी अहवालांत ‘मागास’ हे विशेषण जिल्ह्याला कायमचे चिकटले आहे, पण ते साधनसंपत्तीला उद्देशून नाही.

पाणी भरपूर, ओलित कमी, हे इथले जुने दुखणे. पश्चिमेला वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ वर्धेला मिळून तिची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत जाते. पूर्वेकडून इंद्रावती येते. एवढ्या नद्या असूनही धान मुख्यतः पावसावरच पिकतो. तुलतुली, कारवाफा हे प्रकल्प वनसंवर्धन कायद्यामुळे रखडले. उत्तरेकडच्या तालुक्यांना अजून आधार आहे तो मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातल्या ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलावांचा आणि शेतातल्या बोड्यांचा (लहान तळ्यांचा). रोवणीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा तलावाचे तुडूम (पाणी सोडण्याचे तोंड) उघडून पाणी एका बांधीतून (बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यातून) दुसऱ्या बांधीत उतरवतात. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ उपसण्याची जबाबदारी नक्की कोणाची, हे धूसर झाले. नव्या धरणाच्या तुलनेत गाळ काढणे स्वस्त, तरी नियोजनात त्याचा क्रमांक बहुधा मागेच लागतो.

जंगलातील उत्पन्न मोजताना सागवान आणि बांबू चटकन हिशोबात येतात. मोहफूल, चारोळी, डिंक, मध मात्र घरात खाल्ले जातात किंवा आठवडी बाजारात विकले जातात, म्हणून आकड्यांतून निसटतात. मोठा रोख पैसा बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानाचा. मे महिन्यात घरची सगळी माणसे पहाटे जंगलात जातात, दुपारी ओसरीवर बसून पाने जुळवतात. ७० पानांचा एक पुडका, हजार पुडक्यांची एक स्टँडर्ड गोणी. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, पण पावसाळ्यापूर्वीच्या बी-बियाण्याचा खर्च बहुतेक याच पैशातून निघतो.

हे उत्पन्न कोणाचे, या प्रश्नाला २००६ च्या वनहक्क कायद्याने वेगळे उत्तर दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. त्याआधी बांबू ‘गौण वनोपज’ (लाकडाखेरीजचे जंगलातील उत्पन्न, ज्यावर गावाचा हक्क) की लाकूड, यावर बरीच खडाजंगी झाली होती; वाद शब्दाचा दिसला तरी प्रश्न मालकीचा होता. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः सुरू केले. सगळ्यांनाच हिशोब ठेवणे आणि ठेकेदाराशी भाव करणे जमले असे नाही, पण जिल्ह्याच्या क्षमतेचा अंदाज बांधताना या अनुभवाला कमी वजन मिळते.

खनिजांत लोहखनिजाला तोड नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांत उच्च प्रतीचे हेमॅटाइट आहे. माओवाद्यांच्या विरोधामुळे काम अनेकदा बंद पडले. २०१६ च्या अखेरीस तिथे वाहने जाळली गेली. २०२१ पासून उत्खनन नेटाने सुरू आहे आणि २०२३ मध्ये वार्षिक १ कोटी टन उत्पादनाला पर्यावरण मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहत आहे. सुरजागडच्या टेकडीवरच ठाकूरदेवाचे ठाणे असून दर जानेवारीत यात्रा भरते. टनांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. त्यामुळे हरकतींच्या सुनावणीत गावकरी देवाबद्दल बोलतात आणि समोरून रोजगाराचे आकडे येतात.

दळणवळण तोकडे आहे. जिल्ह्यातले जुने रेल्वे स्थानक एकच, देसाईगंज (वडसा). तिथून गडचिरोलीपर्यंतच्या मार्गाचे काम सुरू आहे. भामरागडचा तर पर्लकोटा नदीच्या पुरात अजूनही दरवर्षी जगाशी संपर्क तुटतो.