अमेरिकेतलं ढोर जन्मभर मकाच खाते का?

आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज किती वर्षांपासून फिरून रायला, का अमेरिकेत मांसासाठी पाळलेली ढोरं जन्मापासून बंद शेडमधी बांधून ठेवतात आन् फक्त मका चारतात. भाऊ, हे चूक आहे. तिथलं वासरू पहिले ६-८ महिने मायजवळ कुरणातच असते, मंग बहुतेक वेळा पुढचे काही महिने बी गवत-चाऱ्यावर, आन् शेवटचे साधारण ४-६ महिने त्याले फीडलॉटमधी नेतात, म्हणजे टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्काकडची मोठमोठी, बरीचशी उघडीच आवारं, तिथं मका देऊन वजन आन् चरबी वाढवतात. तो मका बी एकदम नाही देत, २-३ आठवड्यात हळूहळू वाढवतात आन् सोबत चारा ठेवाच लागते, कारण पोट शेवटी रवंथ करणाऱ्या जनावराचं. आपल्या इकडं बैल मोकळा सुटून दाण्याच्या पोत्यावर पडला का पोटात आम्ल वाढून जिवावर येते ना, तेच तिथं बी होते.

फीडलॉटवर टीका जरूर करा, गर्दी आन् शेणाचे ढीग मले बी खटकतात, पण खरं सांगून करा. ब्राझीलमधी तर बहुतेक ढोरं कुरणावरच वाढतात, फक्त वजन भरायले वेळ जास्त लागते.