राज्य जिंकलं, डेलिगेट हुकले

६ फेब्रुवारी २००८. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजले असतील, अमेरिकेत अजून ५ फेब्रुवारीची रात्र होती. न्यू जर्सीतल्या एडिसनहून मावसभावाचा फोन आला. तो नुकताच अमेरिकेचा नागरिक झाला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत देऊन आला होता. मत दिलं होतं हिलरी क्लिंटन यांना. "आमचं राज्य आम्ही घेतलं रे," तो म्हणाला. आवाजातून आनंद ओसंडत होता.

राज्य खरंच घेतलं होतं. क्लिंटन यांना ५४ टक्के, ओबामांना ४४. ११ लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं होतं आणि आघाडी लाखाच्या वर होती. न्यू जर्सीचे १०७ डेलिगेट, म्हणजे पुढे पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, त्या दिवशी वाटले गेले. क्लिंटन ५९, ओबामा ४८. निव्वळ फायदा ११.

त्याच रात्री आयडाहो या डोंगराळ, विरळ वस्तीच्या राज्यात प्रायमरीऐवजी डेमोक्रॅटांच्या बैठका, म्हणजे कॉकस, झाल्या. सगळ्या राज्यातून मिळून जेमतेम २१ हजार माणसं आली. त्यांतली जवळपास ८० टक्के ओबामांच्या बाजूची. तिथे डेलिगेट होते १८. ओबामा १५, क्लिंटन ३. निव्वळ फायदा १२.

हे दोन आकडे मी त्या दिवशी वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसलो. ११ लाख मतांच्या राज्याने एका उमेदवाराला जे दिलं, ते २१ हजारांच्या राज्याने काढून घेतलं, वर एक जास्तच. अमेरिकेतल्या प्रायमरीच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा राज्य जिंकणं आणि डेलिगेट जिंकणं या दोन गोष्टी हमखास एकमेकींत मिसळतात. मराठी वर्तमानपत्रांतच असं होतं असं नाही, तिथल्या वाहिन्यांवरही रात्रभर राज्यांचे नकाशे रंगवले जातात. पण कोणत्या उमेदवाराचं पारडं किती जड आहे हे तोलायचं असेल तर नकाशा बाजूला ठेवून डेलिगेट मोजावे लागतात.

डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात मत देणारा प्रतिनिधी. आपल्याकडे तिकीट दिल्लीत ठरतं, तिथे ते या प्रतिनिधींच्या बहुमताने ठरतं. प्रायमरीत मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो, पण त्या मताचं शेवटी रूपांतर होतं ते अधिवेशनातल्या माणसांत. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन ऑगस्टमध्ये डेन्व्हरला भरलं. राज्य जिंकल्याबद्दल कुणाला वेगळं काही मिळत नाही. तो मथळ्याचा विषय. डेमोक्रॅटांच्या नियमांत 'राज्याचा विजेता' असं पदच नाही.

मग मतांचे डेलिगेट होतात कसे? बहुतांश डेलिगेट राज्यातल्या मतदारसंघांना वाटून दिलेले असतात, उरलेले राज्यभरच्या मतांवर ठरतात. दोन्हीकडे मतांच्या प्रमाणात वाटणी होते आणि १५ टक्क्यांखाली राहिलेल्याला काहीच मिळत नाही. इथपर्यंत सरळ आहे. खरी गंमत आहे ती पूर्णांकांत, कारण माणूस अर्धा करता येत नाही.

समजा एका मतदारसंघाला चार डेलिगेट आहेत आणि सामना दोघांत आहे. एकाला ६० टक्के मतं पडली. ६० विरुद्ध ४० हा दणदणीत विजय. चारचे ६० टक्के २.४, चारचे ४० टक्के १.६. वाटणी होते दोन-दोन. तिसरा डेलिगेट मिळवायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. आता शेजारच्या मतदारसंघाला तीनच डेलिगेट आहेत आणि तिथे दुसऱ्या उमेदवाराला ५१ टक्के पडले. १.५३ आणि १.४७. वाटणी दोन-एक. म्हणजे पहिल्याने २० टक्क्यांनी जिंकून काही कमावलं नाही आणि दुसऱ्याने दोन टक्क्यांनी जिंकून एक डेलिगेट खिशात घातला. सम आणि विषम संख्येचा हा फरक ज्याला आधी कळतो, तो आपली माणसं आणि पैसा कुठे ओतायचा हे आधी ठरवतो.

नेवाडात १९ जानेवारी २००८ ला नेमकं हेच झालं. क्लिंटन ५१, ओबामा ४५. बातमी: क्लिंटन जिंकल्या. डेलिगेट मात्र ओबामांना १३ आणि क्लिंटन यांना १२. क्लिंटन यांची ताकद लास वेगास शहरात एकवटली होती. राज्याच्या उत्तरेकडच्या ग्रामीण भागात, जिथे डेलिगेटांची संख्या विषम होती, ओबामा पुढे होते.

भारतात आपल्याला मतांची टक्केवारी आणि जागा यांतला फरक नवा नाही. पण इथे एक घोटाळा टाळायला हवा. आपली पद्धत छोटी आघाडी फुगवते. मतांत दोन-तीन टक्के पुढे असलेला पक्ष जागांत कितीतरी पुढे निघून जातो. डेमोक्रॅटांची पद्धत उलट वागते. तिथे आघाडी आटते. मोठ्या राज्यातला भरघोस विजय वाटणीच्या जात्यातून बाहेर पडतो तेव्हा हातात मूठभर डेलिगेट उरतात. आणि याचाच दुसरा अर्थ असा की जो एकदा मागे पडला त्याला ती पिछाडी भरून काढणं भयंकर अवघड. मला वाटतं, उमेदवारांच्या शक्यता तोलताना सर्वांत जास्त दुर्लक्ष याच मुद्द्याकडे होतं.

५ फेब्रुवारीनंतर ओबामांनी सलग ११ ठिकाणी विजय मिळवला आणि प्रायमरी-कॉकसमधून निवडल्या गेलेल्या डेलिगेटांत त्यांची आघाडी दीडशेच्या घरात गेली. हजारोंच्या हिशेबात दीडशे म्हणजे काहीच नाही असं वाटतं. मग आला ४ मार्च. क्लिंटन यांनी ओहायो जिंकलं, टेक्सासची प्रायमरी जिंकली, ऱ्होड आयलंड जिंकलं. ओबामांकडे फक्त छोटं व्हरमाँट. क्लिंटन परतल्या, शर्यत उलटली, असं चित्र सगळीकडे उभं राहिलं. माझ्या मावसभावाचा पुन्हा फोन आला, या वेळी मध्यरात्री. आता आकडे बघा. ओहायोत क्लिंटन यांना ७४, ओबामांना ६७. ऱ्होड आयलंडमध्ये १३ आणि ८. व्हरमाँटमध्ये ओबामा ९, क्लिंटन ६. राहिलं टेक्सास.

टेक्सासकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण या एकाच राज्यात दोन्ही पद्धती एकाच दिवशी होत्या. दिवसा प्रायमरी: केंद्रावर जा, मत द्या, घरी या. तिच्यावर १२६ डेलिगेट. संध्याकाळी मतदान संपलं की तीच माणसं त्याच केंद्रावर परत यायची आणि कॉकस भरायचं, म्हणजे उघडपणे नाव नोंदवून आपण कुणाच्या बाजूचे हे सांगायचं. त्यावर ६७ डेलिगेट. नोकरीवरून दमून आलेल्या, घरात लहान मूल असलेल्या माणसाने रात्री पुन्हा बाहेर पडून रांगेत उभं राहायचं, तर त्याला तेवढी ओढ हवी, किंवा मग त्याच्या दारावर थाप मारणारा कार्यकर्ता हवा. ओबामांकडे दोन्ही होतं. प्रायमरीत क्लिंटन ५१-४७ ने जिंकल्या आणि त्यांना ६५ डेलिगेट मिळाले, ओबामांना ६१. कॉकसमध्ये ओबामांना ३८, क्लिंटन यांना २९. एकूण ओबामा ९९, क्लिंटन ९४.

प्रायमरीतली आघाडी चारवरच का थांबली, तेही सांगायला हवं. टेक्सासमध्ये डेलिगेट राज्य सिनेटच्या मतदारसंघांप्रमाणे वाटलेले होते आणि आधीच्या निवडणुकांत जिथे डेमोक्रॅटांना जास्त मतं पडली, तिथे जास्त डेलिगेट. ऑस्टिनच्या मतदारसंघाला आठ मिळाले, तर मेक्सिकोच्या सीमेलगतच्या काही मतदारसंघांना तीन-चारच. सीमेकडचा हिस्पॅनिक मतदार क्लिंटन यांचा, ऑस्टिनचा विद्यापीठी मतदार आणि ह्यूस्टनचा कृष्णवर्णीय मतदार ओबामांचा. मतं सारखी, वजन वेगळं.

चारही राज्यांची बेरीज-वजाबाकी केली तर ४ मार्चच्या त्या गाजलेल्या पुनरागमनातून क्लिंटन यांच्या पदरात पडले निव्वळ चार डेलिगेट. पिछाडी दीडशेची. पुढे २२ एप्रिलला पेनसिल्व्हेनिया, तिथे त्या नऊ टक्क्यांनी, दोन लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या: ८५ आणि ७३. फायदा १२. आयडाहोतल्या २१ हजार माणसांनी एका संध्याकाळी ओबामांना दिला होता तेवढाच.

ओबामांच्या प्रचारयंत्रणेला हे आधीच दिसत होतं. डेलिगेट निवडीचे नियम कोळून प्यायलेला जेफ बर्मन हा माणूस त्यांच्याकडे होता. ५ फेब्रुवारीनंतर त्यांच्या कार्यालयातला एक तक्ता चुकून पत्रकारांच्या हाती गेला. त्यात ओहायो, टेक्सासची प्रायमरी आणि पेनसिल्व्हेनिया आपण हरणार, हे त्यांनीच लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे जे पराभव टीव्हीवर धक्का म्हणून दाखवले गेले, ते त्यांच्या जमाखर्चात महिनाभर आधीच खर्चाच्या बाजूला नोंदलेले होते. ५ फेब्रुवारीच्या तीनच दिवस आधी ओबामा स्वतः आयडाहोतल्या बोईसी शहरात जाऊन आले होते आणि सभेला सुमारे १४ हजार लोक जमले होते. डेमोक्रॅट अध्यक्षीय निवडणुकीत जिथे कधी जिंकत नाहीत अशा राज्यात उमेदवार का जातो, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. उत्तर त्या १८ डेलिगेटांत होतं.

मग एकूण मतांचं काय? क्लिंटन यांच्या बाजूचा हा मोठा दावा होता आणि तो मनापासूनचा होता. दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास मतं पडली. पण मोजायचं काय, इथेच अडतं. मिशिगन आणि फ्लोरिडा यांनी पक्षाच्या परवानगीआधीच प्रायमरी घेतली म्हणून त्यांचे डेलिगेट काढून घेतले गेले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं. ती मतं धरायची की नाही, यावर कोण पुढे हे बदलतं. शिवाय आयोवा, नेवाडा, वॉशिंग्टन, मेन या कॉकसच्या राज्यांनी प्रत्यक्ष किती डोकी कुणामागे उभी राहिली याचे आकडे जाहीरच केले नव्हते. ज्या बेरजेतले काही आकडे अस्तित्वातच नाहीत, ती बेरीज शक्यता तोलायला कशी वापरणार?

रिपब्लिकन पक्षाकडे वळलं की हा सगळा हिशेब पालटतो. तिथे बऱ्याच राज्यांत जो पहिला त्याला सगळं, किंवा जवळपास सगळं. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डॉनल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं मिळाली, म्हणजे दोनतृतीयांश मतदार त्यांच्या विरोधात होते. डेलिगेट? ५० पैकी ५०. तेव्हा 'ट्रम्प यांना एकतृतीयांशाच्या वर मतं नाहीत' हे वाक्य खरं असूनही उमेदवारीच्या शक्यतेबद्दल फार काही सांगत नव्हतं. विरोधक चार-पाच जणांत विभागलेले असताना एकतृतीयांश पुरत होते. त्याच पक्षात २०१२ च्या आयोवाने उलटा धडा दिला. रात्री मिट रॉम्नी आठ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, दोन आठवड्यांनी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. पण त्या मतांनी डेलिगेट बांधलेच जात नव्हते. पुढच्या स्थानिक आणि राज्य बैठकांत तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांचे कार्यकर्ते चिकाटीने बसून राहिले आणि अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ मतं पॉल यांना पडली.

नुसती मतं निर्णायक असलेली प्रायमरी कशी असते, याचं एक उदाहरण आपल्या माणसाचंच आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृहासाठी उभे राहिले. गर्दीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतं घेऊन पहिले आले आणि उमेदवार झाले. तिथे मधे डेलिगेट नाहीत, पहिला तो पहिला. अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत कुणी देशभर २८ टक्क्यांवर राहिला तर त्याच्याकडे बहुमत नसतं, अधिवेशनात त्याला इतरांची दारं ठोठवावी लागतात.

देशभराच्या सर्वेक्षणांबद्दल थोडक्यात एवढंच: रूडी जुलियानी २००७ चं जवळजवळ पूर्ण वर्ष रिपब्लिकन सर्वेक्षणांत पहिले होते. २९ जानेवारी २००८ ला फ्लोरिडात तिसरे आले आणि एकही राज्य न जिंकता बाहेर पडले. प्रायमरी देशभर एका दिवशी होत नाही, राज्याराज्याने होते. त्यामुळे देशाचा सरासरी आकडा कुठल्याच मतपेटीत पडत नाही.

३ जून २००८ ला शेवटच्या दोन प्रायमरी झाल्या. मोंटाना ओबामांनी जिंकलं, साउथ डकोटा क्लिंटन यांनी, ५५-४५ ने. नऊ डेलिगेट त्यांना, सहा ओबामांना. मावसभावाने विचारलं, "शेवटचं राज्य आपण जिंकलो ना?" जिंकलो होतो. त्याच रात्री, पक्षनेत्यांपैकी जे आपोआप डेलिगेट असतात त्यांचा पाठिंबा मिळून, ओबामांनी बहुमताचा २,११८ चा टप्पा ओलांडला होता.