सामुदायिक परसबागेसाठी संस्था नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि नंतर सांभाळायचा हिशोब

वस्तीतल्या मोकळ्या जागेवर मिळून भाजीपाला, फुलझाडे, कंपोस्टचे खड्डे असा उपक्रम सुरू करायला कुठलीही नोंदणी लागत नाही. पण वर्गणी गोळा होऊ लागली, कुणी पंपासाठी देणगी दिली, महापालिकेकडे पाण्याच्या जोडणीसाठी पत्र द्यायचे झाले, की सही कुणाची आणि पैसे कुणाच्या खात्यात, हा प्रश्न उभा राहतो. ते पैसे एका उत्साही सभासदाच्या बचत खात्यात ठेवणे त्या सभासदावरच अन्याय आहे. म्हणून पहिली मोठी देणगी घेण्याआधी संस्था नोंदवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खालची माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

कोणत्या कायद्याखाली?

न्यास (ट्रस्ट), संस्था (सोसायटी) किंवा कंपनी कायदा 2013च्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी, असे तीन मार्ग आहेत. बागेसाठी मला संस्था योग्य वाटते. तिच्यात सभासद असतात, निवडणूक असते, कार्यकारिणी बदलता येते. न्यासात विश्वस्तच सर्वेसर्वा होतात आणि कंपनीचे वार्षिक अनुपालन छोट्या गटाला झेपत नाही.

संस्था नोंदणी अधिनियम 1860 नुसार किमान सात जण लागतात. सातही जण प्रौढ असावेत आणि एकाच घरातले नसावेत, हे बरे. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची संस्था सार्वजनिक न्यासही ठरते. त्यामुळे 1860च्या कायद्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही अर्ज जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात जातात. दुसऱ्या नोंदणीचा अर्ज, म्हणजे परिशिष्ट 2, तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. पहिले प्रमाणपत्र मिळाले की काम संपले असे समजून अनेक गट इथेच थांबतात आणि पुढे अडकतात.

उद्देश नीट लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पिकलेली भाजी फक्त सभासदांत वाटायची असेल तर तो खासगी गट झाला, धर्मादाय संस्था नव्हे. 1950च्या कायद्याचे कलम 9 धर्मादाय हेतू सांगते : गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकहितासाठी मनोरंजनाच्या सोयी आणि सर्वसाधारण लोकोपयोगी काम. बाग यांतल्या दोन-तीन हेतूंत बसते, पण ते तुमच्या विधानपत्रात, म्हणजे संस्थेचे नाव व उद्देश सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, शब्दांत यायला हवे. पर्यावरण रक्षण आणि शिक्षण हे दोन उद्देश स्पष्ट लिहाच. आयकराच्या व्याख्येत पर्यावरण रक्षण हा स्वतंत्र धर्मादाय हेतू आहे. नुसते ‘लोकोपयोगी काम’ लिहिले, तर व्यापारी स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या 20 टक्क्यांची मर्यादा येते. रोपे आणि खत विकणाऱ्या बागेला ती सहज अडचणीत आणू शकते.

कागदपत्रे

संस्था स्थापनेच्या सभेचा ठराव, विधानपत्र, नियम व नियमावली, कार्यकारिणीची नाव-पत्ता-व्यवसायासह यादी, सर्वांची संमतीपत्रे, अर्ज दाखल करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचे ओळख व पत्त्याचे पुरावे. नियमावलीवर कार्यकारिणीतल्या किमान तिघांनी ती खरी प्रत असल्याचे प्रमाणित करायचे असते. कार्यालयाच्या पत्त्यासाठी वीजबिल आणि जागामालकाचे ना-हरकत पत्र लागते. बागेत कार्यालय नसतेच, त्यामुळे एखाद्या सभासदाचा घरचा पत्ता चालतो. तो माणूस लवकर घर बदलणारा नसावा एवढे पाहा.

बागेची जमीन महापालिकेची किंवा गृहनिर्माण संस्थेची असेल तर परिशिष्ट 2 मध्ये ती संस्थेची मिळकत म्हणून दाखवू नका. वापराचा परवाना किंवा करारपत्र जोडा. त्या कराराची मुदत, पाण्याचे बिल कुणी भरायचे आणि करार संपल्यावर झाडांचे व शेडचे काय, हे लेखी असावे. शहरी हद्दीत मोठे झाड तोडायला 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. झाड तुम्ही लावलेले असले तरी.

सहायक आयुक्त चौकशी करून नोंद घेतात आणि प्रमाणपत्र देतात. त्यानंतर संस्थेच्या नावे पॅन आणि ठरावाने बँक खाते काढा. सही तिघांपैकी कोणत्याही दोघांची, त्यात खजिनदार आवश्यक, अशी रचना मला सर्वांत सुरक्षित वाटते.

दरवर्षीचे काम

किर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही), खतावणी (खातेनिहाय वही), पावती पुस्तक, व्हाउचर फाइल आणि जंगम मालमत्तेची नोंदवही एवढे पुरेसे आहे. पण रोजच्या रोज. लेखापरीक्षकाला रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशोबाशी जुळतात का, मालमत्तेची नोंद ठेवली आहे का, यावर अहवाल द्यावा लागतो. म्हणून फावडी, झाऱ्या, पाइप, पंपसुद्धा नोंदवहीत हवेत. वाफ्याची वार्षिक वर्गणी ही जमा आहे, पण वाफा सोडताना परत द्यायची अनामत ही देणे आहे. ती उत्पन्नात धरली की ताळेबंद पहिल्याच वर्षी चुकतो.

31 मार्चला वर्ष संपले की सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण व्हायला हवे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांना पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी द्यावे लागते. उत्पन्न कमी असले तरी अंदाजपत्रक करावे, कारण उन्हाळ्यातल्या टँकरचा खर्च तिथेच आधी दिसतो. शिल्लक पैसा शेड्यूल्ड बँकेत किंवा पोस्टात ठेवा. जास्त व्याजासाठी ओळखीच्या पतसंस्थेत ठेव ठेवू नका. आयुक्तांच्या परवानगीशिवाय कर्जही काढता येत नाही.

आणि बदल अर्ज. पदाधिकारी बदलला, राजीनामा दिला, वारला किंवा पत्ता बदलला, की 90 दिवसांत परिशिष्ट 3 मधला बदल अर्ज द्यायचा. सोबत सभेची सूचना, हजेरी, ठराव आणि नव्या माणसाची संमती. बागेच्या संस्था बहुतेक इथेच कोलमडतात. निवडणूक होते, इतिवृत्त लिहिले जाते, पण कार्यालयाच्या नोंदवहीत जुनीच नावे राहतात. मग बँक सही बदलू देत नाही, देणगीदार कंपनी प्रस्ताव परत पाठवते, आणि दोन-तीन कार्यकारिणींचे साचलेले अर्ज एकामागून एक मंजूर करून घ्यावे लागतात. उशीर झाला तर कारण देऊन आणि खर्च भरून मुदत वाढवून मिळू शकते. निवडणुकीच्या सभेतच अर्जावर सह्या घ्या, हा सोपा उपाय आहे.

देणग्या

करसवलतीसाठी आयकर विभागाकडे ऑनलाइन वेगळी नोंदणी लागते. 1961च्या कायद्यात तिला 12ए (संस्थेच्या उत्पन्नावरील सवलत) आणि 80जी (देणगीदाराला सवलत) म्हणत. 1 एप्रिल 2026 पासून 2025चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. अर्ज करताना पोर्टलवरचा चालू नमुनाच घ्या. 2000 रुपयांवरील रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा.

परदेशातल्या मंडळींचा प्रश्न हमखास येतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी योगदान धरली जात नाही. त्याच्या पारपत्राची प्रत फाइलला लावा. मात्र अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे 2010च्या विदेशी योगदान कायद्यात येतात. त्यासाठी केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील विशेष खाते लागते. ती नसेल तर रक्कम कितीही छोटी असो, घेऊ नका.