फाइल शिळी की ताजी, हे ठरवणारे घड्याळ

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना घ्या. डिझाइनवाल्याने बोअरचा, म्हणजे भोकाचा, डाया (व्यास) 12 चा 12.5 मिलिमीटर केला आणि फाइल सर्व्हरवर टाकली. शॉपवर मशीनला प्रोग्राम पुरवणारा संगणक तीच फाइल कायम उघडी ठेवतो आणि लागेल तशी वाचतो. तिथे जुनी रिव्हिजन गेली तर अख्खा लॉट रिजेक्ट!

दर वाचनाला सर्व्हरकडे चौकशी केली तर नेटवर्क तुंबेल. म्हणून फाइलचा आकार, बदलाची वेळ ही माहिती संगणक स्वतःच्या कॅशेत, म्हणजे हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि तिला मुदत घालतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या व्यवस्थेत) साध्या फाइलसाठी ही मुदत एरवी 3 ते 60 सेकंदांची असते.

मुदत मोजायला लिनक्स 'जिफीज' नावाचा, दर टिकला एकाने वाढणारा काउंटर वापरते. 32 बिटांच्या यंत्रात तो 4,29,49,67,295 च्या पुढे गेला की शून्यावर येतो. सेकंदाला 1000 टिक धरले तर ही फेरी 49 दिवस 17 तासांची. आता मुदत फेरीच्या अगदी शेवटी संपणार असेल आणि काउंटर त्याआधीच्या तपासणीनंतर उलटला, तर 'आत्ता'चा आकडा लहान आणि मुदतीचा प्रचंड मोठा. नुसती तुलना करणारा कोड शिळी माहिती आठवडेच्या आठवडे ताजी समजत राहतो.

सिंहस्थामुळे गुरूची बारा राशींची फेरी नाशिककरांना माहीत असते. गुरू मीनेतून मेषेत आला तर बाराचा एक झाला म्हणून तो मागे गेला असे कोणी म्हणत नाही. एक घर पुढे गेला म्हणतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलही तेच करतो: दोन आकड्यांची वजाबाकी करून चिन्ह पाहतो. पण गुरूकडे पाहून सात राशी उलटल्या असतील, तर जवळच्या वाटेने तो पाच घरे मागे दिसेल. त्या जॉबची ऑर्डर महिनाभर आली नाही, फाइल तशीच उघडी राहिली, की काउंटरची अर्धी फेरी, म्हणजे जवळपास 25 दिवस उलटतात. मग जुनी नोंद भविष्यातली वाटते, म्हणजेच अजून ताजी.

यावरचा उपाय मला फार आवडतो. 'मुदत संपली का?' एवढेच न विचारता 'आत्ताची वेळ नोंद घेतल्याच्या क्षणापासून मुदत संपेपर्यंतच्या पट्ट्यात आहे का?' असे विचारायचे. नोंद भविष्यातली दिसली तरी ती बाद. फार तर सर्व्हरला एक जादा विचारणा होईल. नेमकी पूर्ण फेरी होऊन पुन्हा त्याच 60 सेकंदांत वाचन झाले तरच फसगत, आणि 64 बिटांच्या यंत्रात त्या फेरीला 58 कोटी वर्षे लागतात.

काउंटर उलटतानाच्या चुका लवकर सापडाव्यात म्हणून लिनक्स तो शून्याच्या पाच मिनिटे अलीकडून सुरू करते. अर्ध्या फेरीची चूक मात्र त्यात सापडत नाही. तिच्यासाठी चाचणीत नोंदीची वेळ मुद्दाम 25 दिवस मागे ढकलावी लागते.