पंखा फिरतो, बोट का सरकत नाही?

सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून धडगाव तालुक्यातल्या नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना बोट हीच एस.टी. झाली आहे. बाजार, रेशन, दवाखाना, सगळं पाण्यावरून. मागच्या हिवाळ्यात अशाच एका बोटीत मागे, इंजिनाशेजारी बसलो होतो. माणसं चढत गेली, पोत्यांवर पोती आली. निघालो तर इंजिन पूर्ण ताकदीने गरजत होतं, मागे फेसच फेस, पण काठावरचं सागाचं झाड काही मागे पडेना. बोट चालवणारा शहाद्याकडचा. म्हणाला, "पंखा फिरस, पन बोट सरकत नही."

पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणारा प्रोपेलर. तो फिरतो तेवढी बोट पुढे जात नाही, हीच 'स्लिप', म्हणजे पंख्याची घसर. पंख्यावर व्यास आणि पिच असे दोन आकडे कोरलेले असतात. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. तसा पंखा पाण्यात एका फेऱ्यात जितका पुढे जायला हवा, ते अंतर म्हणजे पिच. आमच्या बोटीचा पिच ९ इंच, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर. इंजिनाचे मिनिटाला ४,५०० फेरे, गिअरमुळे पंख्याला त्याच्या निम्मे, २,२५०. गुणाकार केला तर बोट ताशी ३१ किलोमीटरने जायला हवी. मोबाईलचं जीपीएस दाखवत होतं १७. म्हणजे ४५ टक्के घसर.

एवढं सगळं वाया गेलं, असं वाटणं साहजिक आहे. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पाती पाण्याला मागे ढकलतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून बोट पुढे जाते. पाणी मागे सरकलंच नाही, तर रेटा कुठून येणार? बोट खुंटाला बांधून इंजिन चालवलं तर घसर १०० टक्के, आणि दोर तरीही ताणलेला! काळ्या मातीत नांगर ओढताना ट्रॅक्टरचं मागचं चाकही थोडं घसरतंच. शेतकरी त्याला घाबरत नाही, ते फार घसरायला लागलं की मात्र चाकात पाणी भरून वजन वाढवतो.

स्क्रूची ही उपमा सुरुवातीला संशोधकांनाही चकवून गेली. इंग्लंडच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथने १८३६ साली स्क्रूसारख्या पंख्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचा लाकडी पंखा दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग तुटला आणि बोट उलट जोरात निघाली. लांब स्क्रू नुसता पाण्याशी घासत होता. मला ही घटना फार आवडते, कारण उत्तर पाण्यानेच दिलं.

मग चांगला पंखा कोणता? थोड्या पाण्याला जोराचा धक्का देण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला हलका धक्का दिला, तर तेवढाच रेटा कमी डिझेल-पेट्रोलमध्ये मिळतो. म्हणून ओझ्याच्या बोटीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा शोभतो. ट्रॅक्टर चढावर खालच्या गिअरमध्ये टाकतो तसंच. जास्त पिचचा बसवला तर इंजिन दबतं, फेरे चढत नाहीत.

घसर नेमाने मोजत राहिलं तर ती बोटीची नाडी ठरते. माल तोच, माणसं तेवढीच आणि घसर वाढली, तर बुडाला शेवाळ चढलं असेल, किंवा पाण्याखालच्या एखाद्या खोडाला लागून पातं वाकलं असेल. नर्मदेच्या फुगवट्यात बुडालेली झाडं आहेतच. इंजिन गरजेपेक्षा वर बसवलेलं असेल तर पंखा वरून हवा ओढतो, आणि हवेत ढकलायला काही नसतं.

एक घसर मात्र पाण्यातली नसतेच. बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या बहुतेक इंजिनांच्या पंख्यात मधोमध, दांडा आणि पंखा यांना जोडणारा रबरी बुश असतो. तो झिजला की आतला दांडा फिरतो आणि पंखा मागे राहतो. पंख्याच्या तोंडाशी, आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत खिळ्याने एक सरळ रेघ ओढायची, एक फेरी मारून यायचं. रेघ तुटून दोन टोकं वेगळी दिसली, तर बुश गेला.

आमच्या बोटीत तसं काही नव्हतं. बोटवाल्याने मागची सहा पोती पुढे सरकवायला लावली. मागे दबलेलं बूड जरा उचललं, जीपीएसवर १९ आले. परतीला बोट जवळजवळ रिकामी होती: इंजिनाचे ५,००० फेरे, वेग २७, घसर २२ टक्क्यांवर. सागाचं ते झाड या वेळी झपकन मागे गेलं.