चंद्रशालेआधी, चंद्रशालेनंतर: मुलांना नाटक शिकवण्याची गोष्ट

उन्हाळी सुट्टीत नाट्यशिबिरांचे फलक लागले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: शेवटी नाटक बसवणार ना, आणि आमच्या मुलाला किती वाक्यं? अभिनेत्री सुलभा देशपांडे यांनी ‘चंद्रशाला’त मुलांसोबत नाटकाचं जे काम केलं त्यात हा प्रश्नच गैरलागू होता. ते काम कशातून आलं हे समजायला जरा मागे जावं लागतं.

संगीत नाटकाच्या काळात मुलं नाटक शिकत ती कंपनीत राहून. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ असे कितीतरी जण कोवळ्या वयातच बिऱ्हाडी मंडळींत, म्हणजे गावोगाव मुक्काम हलवणाऱ्या नाटक कंपन्यांत, दाखल झाले. पहाटे गाण्याचा रियाज, मग तालीम मास्तरांसमोर नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेची वाक्यं, पाठ म्हणायची. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांसारखा मास्तर लाभला तर नशीब. एरवी मास्तर म्हणेल तसं, त्याच सुरात म्हणायचं. त्या शिस्तीतून मोठे नट घडले, हे खरंच. पण तिथे मूल होतं ते लहान आकाराचा नट म्हणून. त्याच्या मूलपणाशी कुणाला फारसं कर्तव्य नव्हतं.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ काढलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, तेव्हा मुलांसाठीचं नाटक रीतसर उभं राहिलं. पडदे, प्रकाश, वेषभूषा, सगळं मोठ्यांच्या नाटकाच्या तोडीचं. मतकरींनी पुढे स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. भूमिका मात्र बऱ्याचदा मोठेच करत. ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आठवा. मुलांना नाटक उत्तम मिळालं, पण प्रेक्षक म्हणून.

आणि शाळेत? तिथे स्नेहसंमेलन होतं. बाई आधी वाक्य म्हणून दाखवणार, मूल ते तसंच म्हणणार. ‘आकाश’ म्हटलं की हात वर, ‘आई’ म्हटलं की तळवा छातीवर. डोळे सतत विंगेकडे, कारण हातवारे करणाऱ्या बाई तिथेच उभ्या. माझ्या मते कंपनीतली घोकंपट्टीच इथे आली होती, फक्त देवलांविना!

सुलभाताई शिक्षिका होत्या त्या दादरच्या छबिलदास शाळेत. विद्यार्थ्यांसाठी नाटक लिहायचं काम अंगावर आलं, तेव्हा त्या नाटककार विजय तेंडुलकरांकडे गेल्या. नाटकं अरविंद देशपांडे यांनी बसवली. त्या ओळखीतूनच त्या ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेत आल्या आणि १९६७ मध्ये तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे ही मुख्य भूमिका त्यांच्या वाट्याला आली. बेणारेही शाळेतली बाईच! म्हणजे मराठीतली एक श्रेष्ठ अभिनेत्री रंगभूमीवर आली ती मुलांच्या नाटकाच्या दारातून. चरित्रं लिहिताना हा क्रम सहसा उलटा लावला जातो.

१९७१ मध्ये अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि सुलभाताईंनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली. १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहिली. याच संस्थेची मुलांची शाखा म्हणजे ‘चंद्रशाला’. तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’वरून सुलभाताईंनी हिंदीत बालचित्रपटही केला, तो १९७८ चा.

त्यांची पद्धत सगळ्यात नीट दिसते ती ‘चंद्रशाला’च्या ‘दुर्गा झाली गौरी’त. हे नृत्यनाट्य, संच भलामोठा. हट्टी दुर्गा मध्यवर्ती आहे, पण नाटक चालतं ते भोवतीच्या घोळक्यावर. मागच्या रांगेतल्या मुलाला वाक्य नसलं तरी ताल सांभाळायचा असतो, शेजाऱ्याशी अंतर राखायचं असतं, कुणी चुकला तर सावरून घ्यायचं असतं. विंगेकडे बघायला सवडच नाही. अभिनय ‘करून दाखवण्या’ऐवजी अंगातून यायचा. पिढ्या बदलल्या, मुलं मोठी होऊन बाहेर पडली, त्यांच्या जागी नवी आली आणि प्रयोग चालूच राहिले. नट घडवणं हा याचा जोडलाभ. छोटे तारे घडवायचे असते, तर एवढा मोठा संच सांभाळायचा खटाटोप कुणी कशाला केला असता?

सुलभाताई २०१६ मध्ये गेल्या. त्याआधी दोनच वर्षं, ठाण्यात मतकरींनी वेगळ्या बाजूने हाच धागा उचलला होता. ‘वंचितांचा रंगमंच’मध्ये वस्त्यांमधली मुलं आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतःच नाटक रचू लागली. तिथे पाठ करायला आधी लिहिलेली संहिताच नव्हती.